शुगर आहे? मग किडनीची टेस्ट अशी करून घ्या

टाइप टू डायबिटीसमध्ये किडनी कधी तपासायची, तर निदान झालं की लगेच, कारण हा आजार कळायच्या आधीच काही वर्षं अंगात असू शकतो. मग दरवर्षी एकदा, काही त्रास नसला तरी.

आता टेस्ट कुठली ते नीट बघा. बरेच जण रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं की निर्धास्त होतात, पण किडनीचं काम बरंच कमी झालं तरी तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, बघायचा आणि सोबत लघवीची एसीआर टेस्ट मागून घ्यायची, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती जातंय ते. सुरुवातीचं नुकसान बहुतेक वेळा इथेच आधी दिसतं, पायाला सूज वगैरे फार नंतर.

सॅम्पल शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचं द्या. ताप, युरिन इन्फेक्शन, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला असेल तर थांबा, आकडा उगाच वाढून येतो.

एसीआर ३० च्या आत (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सुरुवात, ३०० च्या वर म्हणजे बरंच पुढे गेलंय. पण एका रिपोर्टवर घाबरू नका हं, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तरच पक्कं धरतात. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिला तर तोही किडनीचा आजारच, एसीआर नॉर्मल असला तरी.

पक्कं झालं की डॉक्टरांना सरळ विचारा, बीपीच्या गोळ्यांपैकी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी मला चालेल का, आणि एसजीएलटी टू गटातली शुगरची गोळी? या गोळ्या किडनीचं नुकसान हळू करतात. गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, ३० टक्क्यांपर्यंत डॉक्टर सहसा चालवून घेतात, म्हणून रिपोर्ट बघून स्वतःच गोळी बंद करायची नाही. बीपी १३०/८० च्या आत, मीठ कमी, सिगारेट बंद, हे आलंच.

आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेणं सोडा. उलट्या-जुलाब लागले तर वरच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांपैकी कुठल्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या.