फोल्डरची उतरंड तयार आणि कॉपी करणारी स्क्रिप्ट : या चुका टाळा

एरर दाखवून थांबणारी स्क्रिप्ट फारसे नुकसान करत नाही, कारण काय बिघडले ते तीच सांगते. खरे नुकसान होते ते शेवटपर्यंत निमूटपणे चालणाऱ्या स्क्रिप्टमुळे : फोल्डर भलत्याच जागी तयार झालेले असतात, कॉपीमध्ये काही फायली आलेल्याच नसतात आणि हे लक्षात येते तेव्हा मूळ डिस्क पुसून झालेली असते. म्हणून या लेखात मुख्यतः अशा मुक्या चुकांचा विचार केला आहे.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. असे काम करणाऱ्या कार्यालयाला वर्ष, महापालिकेचा वॉर्ड, इमारतीचे नाव आणि त्याखाली फोटो, चाचणी अहवाल, पत्रव्यवहार अशी फोल्डरची उतरंड सतत लागते, आणि ती हाताने करण्यापेक्षा स्क्रिप्टने करणे साहजिक आहे. पुढील बहुतेक उदाहरणे याच कामातली आहेत. भाषा मुख्यतः पायथन धरली आहे. लिनक्सचे शेल आणि विंडोज यांचा उल्लेख जिथे वागणूक बदलते तिथे येईल.

नावातली तिरकी रेघ आणि नावाच्या शेवटचा टिंब

मुंबईतील अनेक वॉर्डांच्या नावातच तिरकी रेघ आहे : जी/उत्तर, एफ/दक्षिण, के/पश्चिम. एक्सेलच्या रकान्यातून हे नाव उचलून थेट पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात, जोडले, तर संगणकाच्या दृष्टीने ती दोन फोल्डरची नावे होतात. पायथनचे ‘ओएस.एमकेडिर’ एका वेळी एकच पातळी तयार करत असल्यामुळे ‘जी’ हे फोल्डर आधीपासून नसेल तर निदान एरर तरी देते; पण ‘ओएस.मेकडर्स’ मधल्या सर्व पातळ्या स्वतःच तयार करत असल्यामुळे ‘जी’ नावाचे फोल्डर आणि त्याच्या पोटात ‘उत्तर’ व ‘दक्षिण’ अशी दोन फोल्डर निमूटपणे तयार करून मोकळे होते. ‘१२/०५/२०२४’ अशी तारीख नावात आली तर एकाच्या जागी तीन पातळ्या होतात. नाव तिरक्या रेघेनेच सुरू होत असेल तर प्रकरण आणखी बिघडते, कारण ‘ओएस.पाथ.जॉइन’ आणि पाथ हाताळणारे ‘पाथलिब’ मोड्यूल हे दोन्ही अशा नावाला संपूर्ण पाथ समजतात आणि आधी जोडलेला सगळा भाग सोडून देतात.

दुसरी अडचण गृहनिर्माण संस्थांच्या नावांची आहे. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या.’ या नावाच्या शेवटी टिंब असतो आणि विंडोज फोल्डरच्या नावाच्या शेवटचे टिंब व मोकळ्या जागा गाळून टाकते. फोल्डर तयार होते, ते उघडतेही. मात्र नंतर यादीतील नावे आणि प्रत्यक्ष फोल्डरची नावे स्क्रिप्टने ताडून पाहिली की अशा सगळ्या संस्था ‘गहाळ’ दिसू लागतात. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण आणि उभी रेघ ही चिन्हे तर विंडोजला नावात चालतच नाहीत.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. बाहेरून आलेले कोणतेही नाव पाथमध्ये जोडण्यापूर्वी एका छोट्या फंक्शनमधून न्यावे. त्या फंक्शनने तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ घालावी, निषिद्ध चिन्हे काढावीत आणि शेवटचे टिंब व मोकळ्या जागा छाटाव्यात. हे फंक्शन फोल्डर तयार करताना आणि नंतर शोधताना, दोन्ही ठिकाणी तेच वापरावे.

मराठी नावे : अक्षरे आणि बाइट

या भागाकडे मराठी प्रोग्रामरांनी विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते, कारण इंग्रजी नावांवर चाचणी घेतलेली स्क्रिप्ट नेमकी इथेच अडते.

लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टिममध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ती २५५ युटीएफ-१६ एकके आहे. देवनागरीचा प्रत्येक संकेतांक (युनिकोडने एका चिन्हाला दिलेला क्रमांक) युटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेतो, म्हणजे लिनक्सवर देवनागरी नावासाठी फक्त ८५ संकेतांक उरतात. त्यातही आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते अनेकदा एक संकेतांक नसते : ‘क्ष’ मध्ये तीन आहेत, ‘स्त्री’ मध्ये सहा, म्हणजे अठरा बाइट. संस्थेचे पूर्ण नाव, प्लॉट क्रमांक आणि रस्त्याचे नाव एकाच फोल्डरच्या नावात घातले की ते विंडोजवर सुखाने राहते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर कॉपी करताना ‘नाव फार लांब’ अशी एरर येते. पायथनचे ‘लेन’ संकेतांक मोजते, बाइट नव्हे. म्हणून नाव आधी युटीएफ-८ मध्ये एन्कोड करून मग लांबी मोजावी. विंडोजवर याखेरीज संपूर्ण पाथची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजूनही अनेक प्रोग्रामांना लागू असते, त्यामुळे खोल उतरंडीत नावे आखूड ठेवणेच शहाणपणाचे.

याहून सूक्ष्म प्रश्न ‘ऱ’ चा आहे. ‘पायऱ्या’ किंवा ‘दुसऱ्या मजल्याचे फोटो’ या नावांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकाच संकेतांकाने, किंवा ‘र’ आणि त्यानंतर नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावे साठवताना ती दुसऱ्या, म्हणजे विभक्त रूपात बदलत असे. त्यामुळे जुन्या मॅकच्या डिस्कवरून लिनक्सवर कॉपी केलेली उतरंड आणि विंडोजवरून आलेली तीच उतरंड एकत्र केली, तर ‘पायऱ्या’ नावाची दोन वेगळी फोल्डर शेजारी शेजारी उभी राहतात, कारण लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. उपाय सोपा आहे : ‘युनिकोडडेटा’ या मोड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ वापरून प्रत्येक नाव एनएफसी, म्हणजे जोडलेल्या, रूपात आणावे आणि मगच तुलना करावी.

मात्र एक प्रकार एनएफसीनेही सुटत नाही. काही कीबोर्डवर हाच उच्चार साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, असा टंकला जातो. युनिकोडच्या नियमांनुसार हे रूप ‘ऱ’ शी समतुल्य नाही. या रूपाच्या जागी ‘ऱ्’ घालणारा बदल स्क्रिप्टमध्ये स्वतःच लिहावा लागतो, आणि मराठी नावांवर काम करणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये तो असावा असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आहे का’ ते विचारून मग तयार करणे

फोल्डर अस्तित्वात नसेल तरच तयार करावे, अशी दोन ओळींची रचना सर्रास दिसते. विचारणे आणि तयार करणे यांच्यामध्ये दुसऱ्या प्रक्रियेने तेच फोल्डर तयार केले तर स्क्रिप्ट कोसळते. पायथन ३.२ पासून ‘मेकडर्स’ला ‘एक्झिस्ट ओके’ हा पर्याय आहे; तो वापरावा आणि आधीची तपासणी काढून टाकावी. त्या जागी त्याच नावाची फाइल असेल तर हा पर्याय देऊनही एरर येते, आणि ती यायलाच हवी. ती दाबू नये. पायथन ३.७ पासून ‘मोड’ हा परवानग्या ठरवणारा पर्याय फक्त शेवटच्या फोल्डरला लागू होतो, मधल्यांना नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवल्यावर

लिनक्सच्या ‘सीपी’ आदेशाला ‘आर’ पर्याय देऊन ‘२०२४’ हे फोल्डर ‘बॅकअप’ या ठिकाणी कॉपी केले आणि ‘बॅकअप’ तेव्हा अस्तित्वात नसेल, तर ‘बॅकअप’ हीच नवी प्रत होते. हाच आदेश पुन्हा दिला की ‘बॅकअप’ आता अस्तित्वात असल्यामुळे त्याच्या आत ‘२०२४’ नावाची दुसरी प्रत तयार होते आणि बाहेरची प्रत जुनीच राहते. एरर कोणतीच येत नाही. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ आणि टिंब दिल्यास दोन्ही वेळा फक्त आतला मजकूर कॉपी होतो. ‘आरसिंक’ या कॉपी करणाऱ्या दुसऱ्या आदेशामध्ये स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर आतला मजकूर जातो आणि नसेल तर फोल्डर स्वतः जाते, तिथे हा नियम लक्ष्य आधीपासून आहे की नाही यावर अवलंबून नसल्यामुळे वारंवार चालणाऱ्या कामासाठी मी ‘आरसिंक’ अधिक योग्य मानतो.

पायथनचे ‘शुटिल.कॉपीट्री’ लक्ष्य आधीपासून असल्यास एरर देते. ती टाळण्यासाठी अनेक जण आधी ‘आरएमट्री’ने लक्ष्य पुसतात आणि मग कॉपी करतात. हे अतिशय धोक्याचे आहे : पुसून झाल्यावर स्रोताची डिस्क जोडलेलीच नाही असे निघाले तर हातात काहीच उरत नाही. पायथन ३.८ पासून ‘डर्स एक्झिस्ट ओके’ हा पर्याय उपलब्ध आहे, तो वापरावा. जुन्या लेखांत सुचवलेले ‘डिस्टयुटिल्स’मधील ‘कॉपी ट्री’ वापरू नये. ते संपूर्ण पॅकेजच पायथन ३.१२ मधून काढून टाकले आहे. या सर्व पद्धतींत स्रोतातून पुसलेली फाइल लक्ष्यात तशीच राहते. तीही जावी असे वाटत असेल तर ‘आरसिंक’चा ‘डिलीट’ किंवा विंडोजच्या ‘रोबोकॉपी’ या आदेशाचा ‘एमआयआर’ पर्याय आहे. पण स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर हेच पर्याय मूळ उतरंड पुसून टाकतात. म्हणून आधी ‘आरसिंक’मध्ये ‘एन’ व ‘व्ही’ आणि ‘रोबोकॉपी’मध्ये ‘एल’ पर्याय देऊन केवळ यादी पाहावी.

शेलमधले काही बारकावे

‘दादर शाखा’ यासारखे नाव असलेले चल दुहेरी अवतरणात न ठेवल्यास ‘एमकेडिर’ दोन फोल्डर तयार करते. महिरपी कंसांनी अनेक फोल्डर एकदम करण्याची सोय बॅशमध्ये आहे. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे ही सोय नसलेले डॅश हे शेल असल्यामुळे तिथे कंसासकट नावाचे एकच फोल्डर होते. केवळ तारा देऊन कॉपी केल्यास टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली मागे राहतात. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी स्क्रिप्ट आपल्या नेहमीच्या फोल्डरमधून सुरू होत नाही, त्यामुळे पाथ नेहमी पूर्ण द्यावा.

कॉपी पूर्ण झाली हे कशावरून ठरवावे

‘कॉपीट्री’ एखादी फाइल वाचता आली नाही म्हणून लगेच थांबत नाही. उरलेल्या फायली कॉपी करते आणि शेवटी सर्व अडचणींची यादी एकाच एररमध्ये देते. ही एरर पकडून सोडून दिली तर कोणत्या फायली राहिल्या हे सांगणारा एकमेव कागद फाडून टाकल्यासारखे होते. ती यादी लॉग फाइलमध्ये लिहावी. ‘रोबोकॉपी’ची गोष्ट उलट आहे : तिथे निर्गम संकेत (आदेश संपताना परत देतो तो आकडा) १ म्हणजे फायली यशस्वीपणे कॉपी झाल्या असा अर्थ असतो आणि ८ किंवा त्याहून मोठा संकेत आला तरच अपयश समजायचे असते. शून्याखेरीज सगळे अपयश मानणारी स्क्रिप्ट यशस्वी कॉपीलाही नापास करते.

सिम्बॉलिक लिंककडेही, म्हणजे दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे केवळ निर्देश करणाऱ्या नोंदीकडेही, लक्ष असू द्यावे. ‘कॉपीट्री’ मूलतः लिंकऐवजी तिच्या पलीकडचा मजकूर कॉपी करते, त्यामुळे एखादी लिंक वरच्याच फोल्डरकडे निर्देश करत असेल तर तेच फोल्डर पुन्हा पुन्हा कॉपी होत राहते. ‘सिमलिंक्स’ पर्याय खरा ठेवल्यास लिंक लिंकच राहते.

फोटोंच्या तारखा ऑडिटमध्ये पुरावा ठरू शकतात. ‘सीपी’ला फक्त ‘आर’ दिल्यास बदलाची तारीख आजची होते; ‘ए’ दिल्यास मूळची राहते. ‘कॉपीट्री’ ती राखते, पण फाइलचा मालक राखत नाही.

शेवटची तुलना करताना पायथनच्या ‘फाइलसीएमपी’मधील ‘डिरसीएमपी’वर विसंबायचे असेल, तर ते मूलतः फाइलचा प्रकार, आकार आणि बदलाची वेळ जुळली की दोन फायली सारख्या मानते, हे माहीत असावे. तारखा राखून केलेल्या कॉपीत आतला मजकूर बिघडला असला तरी या तिन्ही गोष्टी जुळू शकतात. मूळ डिस्क पुसण्यापूर्वीची तुलना ‘डिफ’ला ‘आर’ पर्याय देऊन किंवा ‘आरसिंक’ला ‘आर’, ‘सी’, ‘एन’ आणि ‘व्ही’ हे पर्याय देऊन करावी; त्यात प्रत्येक फाइल प्रत्यक्ष वाचली जाते, म्हणून मोठ्या उतरंडीला ही तुलना रात्रभर चालू ठेवण्याची तयारी ठेवावी.