गुडघ्याची वाटी बदलल्यावर: घरची तयारी आणि पाय सरळ करण्याचं काम

ऑपरेशन दीड-दोन तासांत उरकतं. पुढचे सहा आठवडे घरी काढायचे असतात, आणि उत्तम बसवलेला गुडघाही कडक होतो तो याच सहा आठवड्यांत. आपल्याकडे या ऑपरेशनला ‘वाटी बदलणं’ म्हणतात. खरं तर मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. वर दिसणारी वाटी बहुतेक वेळा आपलीच राहते. हे माहीत असावं, कारण पुढे गुडघ्यातून टकटक आवाज येतो तेव्हा घरचे घाबरतात. धातू प्लास्टिकवर टेकल्याचा तो आवाज असतो. वेदना नसेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

तारीख ठरवताना डॉक्टरांच्या वेळेइतकीच घरच्या माणसांची वेळ बघा. पहिले तीन आठवडे दिवसभर घरात थांबणारं एक माणूस लागतंच. पेरणीच्या तोंडावर किंवा सोयाबीन काढणीत तारीख घेतली की म्हातारं माणूस वॉकर धरून घरात एकटं आणि बाकीचे शेतात, अशी गत होते. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळीस-बेचाळीसवर, घामाने पट्टी ओली आणि पाण्याची ओढाताण. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ बरा, त्यातही आपल्या घरची कापूस वेचणी आणि ज्वारीची काढणी सांभाळून.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या रुग्णालय सांगेलच. तिथे सहसा निसटतात त्या गोष्टी वेगळ्या असतात. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, साडेसात-आठच्या वर असेल तर ऑपरेशन पुढे ढकलायला सर्जन सांगतात आणि ते ऐकावं. वाढलेल्या साखरेत जखमेत जंतू लवकर धरतात. तंबाखू किमान महिनाभर आधी बंद. मिश्रीही तंबाखूच आहे. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बायका नाही म्हणतात आणि मिश्री सांगायची राहून जाते. किडलेला दात, लघवीची जळजळ, टाचांच्या खोल भेगा, पायाच्या बोटांमधली चिखली, हे सगळं आधी बरं करून घ्या. अनवाणी शेतात राबलेल्या पायाला भेगा असतातच, पण तिथून जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि चालू असलेले काढे-चूर्ण डॉक्टरांना दाखवा. पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापलं तरी संसर्गाचा धोका वाढतो.

पैशाबाबत दोनच गोष्टी. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या साध्या सांध्याची तेव्हाची मर्यादा ५४,७२० रुपये अधिक कर अशी होती. आजचा आकडा विचारून घ्या, बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये आहेत का ते बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काही बसतं का, हे भरती होण्याआधीच रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

घर

बाज पहिली बाहेर काढा. बाजेला मध्ये झोळ असतो, त्यावर पाय सरळ होऊच शकत नाही. फळीचा पलंग किंवा दिवाण हवा, वर पातळ गादी. बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा वर येत नाही इतकी उंची ठेवा, साधारण १८ ते २० इंच.

संडास भारतीय बैठकीचा असेल तर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा. मेडिकलच्या दुकानांत ती भाड्यानेही मिळते. आणण्याआधी दाराची रुंदी मोजा. बऱ्याच घरांत संडासाचं दार सव्वादोन फुटांचं असतं आणि वॉकर त्यात अडकतो. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर रात्रीसाठी खुर्ची पलंगाजवळच ठेवा, खाली बादली. पहिले काही आठवडे अंधारात अंगण ओलांडायचं नाही.

आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावांत न्हाणीत आणि बोळीत ड्रम, घागरी, पाइप पडलेले असतात. ते एका बाजूला लावा आणि वॉकरला तीन फुटांची मोकळी वाट करा. गोधड्या, सतरंज्या, पायपुसणी उचला. ओली शहाबादी फरशी फार घसरते, म्हणून न्हाणीत रबरी जाळीची चटई आणि अंघोळीला उंच, पक्कं स्टूल.

वॉकर नवा घ्या की जुना, उंची मात्र जुळवून घ्या. सरळ उभं राहून हात खाली सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी.

पाय सरळ करणं

आता मुख्य काम. घरोघरी पहिला प्रश्न एकच असतो, ‘मांडी घालता येईल का?’ सगळं लक्ष गुडघा किती वाकतो यावर. चाल बिघडते मात्र गुडघा पूर्ण सरळ न झाल्यामुळे. दहा अंश वाक राहिला तरी पाय आखूड पडल्यासारखा वाटतो, माणूस लंगडतं, मांडीचा स्नायू उभं राहतानाही सुटत नाही आणि थकतो, मग कंबर आणि दुसरा गुडघा धरतो. वाकवणं पुढचे काही महिने हळूहळू सुधारत राहतं. सरळ होण्याचं तसं नाही. पहिल्या सहा आठवड्यांत ते मिळवलं नाही तर तीन महिन्यांनंतर मिळवणं फार अवघड जातं.

त्याच्या आड येते ती मायेने ठेवलेली उशी. आईला दुखतंय म्हणून सून गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते आणि आईला लगेच आराम पडतो. आराम पडण्याचं कारण समजून घ्या. ऑपरेशननंतर सांध्यात रक्त आणि पाणी साठून सूज असते. गुडघा साधारण तीस अंशांत वाकलेला असताना सांध्याच्या पिशवीत सगळ्यात जास्त जागा असते, त्यामुळे ताण कमी होतो आणि पाय आपोआप त्याच स्थितीत जाऊन पडतो. रात्रंदिवस तो तसाच राहिला की गुडघ्यामागचं आवरण आणि मांडीमागच्या शिरा आखडतात, आतला नवा व्रण त्याच मापाने घट्ट होतो. म्हणून गुडघ्याखाली उशी नको, गुंडाळलेली गोधडी नको, पाच मिनिटांसाठीही नको. भेटायला आलेल्या एखाद्या मावशी हमखास ठेवायला सांगतील. तेव्हा पलंगाजवळच्या माणसाने नम्रपणे पण ठाम राहायचं.

आधार घोट्याखाली द्यायचा. जाडसर टॉवेलची चार-पाच इंचांची घट्ट गुंडाळी करा आणि घोट्याच्या जरा वर, टाच अधांतरी राहील अशी ठेवा. पोटरी आणि गुडघा दोन्ही अधांतरी. पायाची बोटं छताकडे. इथेच बहुतेकांची फसगत होते: पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडतं, पाय सरळ झाल्यासारखा दिसतो आणि गुडघ्यातला वाक तसाच राहतो. पाऊल कलंडत असेल तर बाहेरून घडी घातलेली चादर लावा. आता काही करायचं नाही, गुडघा स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्यायचा. पहिल्या दिवशी तीन मिनिटंही जड जातात. दर दिवशी मिनिट-दोन मिनिटं वाढवत दहा मिनिटांवर या, दिवसातून चार वेळा. गुडघ्यामागे ओढ लागते, तीच हवी असते. कुणीही वरून गुडघा दाबायचा नाही, मालिशवाल्याने तर मुळीच नाही.

गुंडाळी काढली की लगेच दुसरा भाग. पाय गादीवर सपाट, तळहात गुडघ्याखाली सरकवा आणि रुग्णाला सांगा, ‘माझा हात खाली दाब.’ मांडी घट्ट, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. मांडी खरंच आवळली जात असेल तर वाटी वरच्या बाजूला सरकताना दिसते. पहिले दोन-तीन दिवस काहीच हलत नाही, कारण सुजेमुळे मांडीचा स्नायू झोपलेला असतो. रुग्ण म्हणतो, ‘पायात जीवच नाही.’ तरी प्रयत्न चालू ठेवा. आधी वाटी थरथरते, मग सरकते, आणि एक दिवस हातावर दाब जाणवतो.

प्रगती बघायला यंत्र लागत नाही. सपाट पलंगावर पाय सोडून गुडघ्यामागे हात सरकवा. पूर्ण तळहात आरपार जात असेल तर काम बरंच बाकी आहे. फक्त बोटं जात असतील तर जवळ आलात. दुसऱ्या पायाशी तुलना करत रोज सकाळी एकाच वेळी बघा.

हे सगळं गोळीच्या वेळेवर बसवा. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण तासाने व्यायाम. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ असं ऐकून चौथ्या दिवशी सगळ्या गोळ्या बंद करणारे आधी व्यायाम सोडतात आणि मग गुडघा. किडनीचा किंवा पित्ताचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या. मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका. काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्यासाठी इसबगोल आणि भरपूर पाणी.

गुडघा वाकवणं

खुर्चीत बसून पाऊल फरशीवरून मागे सरकवायचं, दुखलं की थांबून तिथेच पाच-दहा आकडे मोजायचे. बोटांपाशी खडूची रेघ मारा, उद्याची रेघ तिच्या मागे हवी. दोन आठवड्यांत नव्वद अंश आणि सहा आठवड्यांत एकशेदहाच्या आसपास, हा साधारण हिशेब. त्यापेक्षा बरंच मागे असाल तर सहाव्या आठवड्याची वाट न बघता सर्जनना दाखवा.

व्यायामानंतर बर्फ, टॉवेलमध्ये गुंडाळून, पंधरा ते वीस मिनिटं. विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, वाळूची पुरचुंडी यांतलं काही नको. उष्णतेने सूज वाढते, शिवाय टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर झालेली असते, भाजलेलं कळतच नाही. बधिरपणा बरेच महिने राहतो आणि गुडघा स्पर्शाला कोमट लागणंही. दोन्हींची काळजी नको.

सूज उतरायला पाय उंच ठेवायचा तर पोटरीपासून टाचेपर्यंत लांब उशा लावा, गुडघा सरळच.

चालणं

वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. टाच आधी टेकायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पुढे काठी धरायची ती ऑपरेशनच्या उलट हातात. घरात मागे पट्टा असलेली चप्पल. अंगठ्याची सपाता नको. दर तासाला घोटे वीस वेळा वर-खाली करायचे, झोपेची वेळ सोडून. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडहून गावी परतताना पुढची सीट मागे सरकवून बसवा, दर तासाला उतरवून चार पावलं चालवा.

जखम आणि जेवण

पट्टी डॉक्टर सांगतील तेव्हाच बदला. टाके साधारण बारा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी, त्यावर हळद, तेल, लेप काही नाही. ‘डाळ खाल्ली की पू होतो, वांगं बंद, आंबट बंद’ हे पथ्य मोडा. जखम भरायला प्रथिनंच लागतात आणि पथ्याच्या नावाखाली नेमकी तीच बंद होतात. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा मटकी, ज्वारीची भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर रोज दोन अंडी. किडनीचा आजार असेल तेव्हाच प्रमाण डॉक्टरांना विचारून. भेटायला येणाऱ्यांना पहिले दोन आठवडे फोनवर बोलू द्या.

पाय घोट्यापर्यंत काळानिळा पडतो, रात्रीची झोप काही आठवडे तुटक लागते, हे चालतं. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, लाली पसरत चालली किंवा १०१ च्या वर ताप आला तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. गावात अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेऊन वाट बघू नका आणि गुडघ्यातलं पाणी दुसऱ्या कुणाला सुईने काढू देऊ नका; अशाने आतला संसर्ग झाकला जातो किंवा नव्याने शिरतो. छातीत दुखलं, दम लागला तर सरळ १०८. पोटरीतली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं दिली असतील तर ती ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करा, पाय कितीही बरा वाटला तरी.

सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना सैल पायजमा किंवा गुडघ्यावर घेता येईल असं लुगडं नेसवा, रोजच्या गोळ्यांची पिशवी घ्या. डॉक्टर किती वाकतो ते बघतील. तुम्ही त्यांना टेबलावर पाय सपाट सोडून गुडघ्यामागची फट दाखवा आणि किती अंश राहिले ते कागदावर लिहून मागा.