कार्बन नॅनोनलिकेतील स्पिन-संकेत खरा की फसवा, हे कसे पारखावे

कार्बन नॅनोनलिका म्हणजे कार्बन अणूंची अतिसूक्ष्म पोकळ नळी, आणि स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचे अंगभूत चुंबकत्व. नलिकेतून जाताना ते टिकले, तर टोकांच्या चुंबकनांच्या दिशांनुसार तिचा रोध बदलतो; हाच स्पिन-संकेत. इंदूरला खंडवा रोडवरील विद्यापीठाच्या आवारातच अतिनिम्न तापमानात आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रात मोजमाप करण्याची सोय आहे. मात्र द्रवरूप हीलियमचे दिवस मोजकेच वाट्याला येत असल्याने कोणती मोजमापे घ्यायची, हे नमुना क्रायोस्टॅटमध्ये (अतिनिम्न तापमान राखणाऱ्या पात्रात) उतरवण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

नलिकेच्या दोन टोकांना जोडलेल्या कोबाल्ट या चुंबकीय धातूच्या पट्ट्या मुद्दाम वेगवेगळ्या रुंदीच्या ठेवाव्यात. अरुंद पट्टीचे चुंबकन उलटण्यास अधिक क्षेत्र लागते आणि त्यामुळे दोन्ही चुंबकने परस्परविरुद्ध असण्याचा एक पट्टा हाती लागतो. तारा जोडताना सर्व टोके भूसंपर्कित असावीत. माळव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावरच्या स्थिर विद्युतभाराने नलिका क्षणात जळते.

मापन ४.२ केल्विनला करावे. या तापमानाची औष्णिक ऊर्जा सुमारे ०.३६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने नलिकेवरील व्होल्टता ०.३ मिलिव्होल्टच्या आत राखावी. चुंबकीय क्षेत्र ऋण टोकापासून धन टोकापर्यंत आणि तसेच परत सावकाश न्यावे. चुंबकने विरुद्ध असतानाच्या रोधातून समांतर असतानाचा रोध वजा करून, आलेल्या फरकाला समांतर रोधाने भागावे. १९९९ मध्ये त्सुकागोशी, आल्फेनार आणि आगो यांनी बहुभित्ती (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नलिकेत याच तापमानाला कमाल ९ टक्के बदल मोजला होता आणि स्पिनची दिशा किमान १३० नॅनोमीटर टिकते, असा अंदाज मांडला होता.

क्षेत्रानुसार रोधाच्या आलेखात दोन पायऱ्या उमटल्या की काम फत्ते झाले असे वाटू लागते, आणि खरी परीक्षा तिथेच सुरू होते. पट्टीचे चुंबकन उलटताना तिच्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी किंचित सरकते. नलिका कूलॉम-अवरोधाच्या स्थितीत (विद्युत-प्रतिकर्षणामुळे इलेक्ट्रॉन एकेक करूनच आत शिरू शकतात अशा) असेल, तर हा सरकाव गेटची (नलिकेजवळच्या नियंत्रक इलेक्ट्रोडची) व्होल्टता बदलल्यासारखाच परिणाम करतो, आणि स्पिनचा काहीही संबंध नसताना हुबेहूब तशाच पायऱ्या उमटतात. म्हणून एका बाजूस कोबाल्ट आणि दुसऱ्या बाजूस सोने असलेला नमुना सोबत अवश्य बनवावा: त्यातही पायऱ्या दिसल्या, तर पहिल्या नमुन्यातील पायऱ्यांना स्पिनचा पुरावा मानता येत नाही. रोधातील बदलाचे चिन्ह उलटले एवढ्यावरून मात्र संकेत फसवा ठरवू नये, कारण २००५ मध्ये साहू आणि सहकाऱ्यांनी पॅलेडियम-निकेलच्या टोकांसह खऱ्या स्पिन-संकेताचेही चिन्ह गेटने बदलते, असे दाखवले.

चार टोके (जोडणीच्या पट्ट्या) बसवण्याइतकी लांब नलिका मिळाली, तर माझ्या मते तिचा उपयोग अ-स्थानिक मापनासाठीच करावा. त्यात प्रवाह दोन टोकांमधून वाहतो आणि व्होल्टता प्रवाहाच्या वाटेबाहेरील दोन टोकांवर मोजली जाते. तिथे विद्युतभार वाहत नाही, केवळ स्पिन विसरित होऊन (पसरत जाऊन) पोहोचतो. ग्रोनिंगेनच्या गटाने २००६ मध्ये एकभित्ती नलिकांत स्पिन आणि भार याच मार्गाने वेगळे केले. दोनच टोके असल्यास गेटच्या निदान दहा-बारा व्होल्टतांवर संपूर्ण फेरी घ्यावी आणि प्रत्येक आलेखावर ती व्होल्टता तिथल्या तिथे नोंदवावी.