डोकं मोठं, अंग वाळलेलं: शेततळ्यातल्या बोटुकलीच्या या चुका टाळा

शेततळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली की पाव्हणे-रावळे एकच विचारतात, "मासा किती बोटं झाला?" पण लांबी फसवते. अर्धपोटी मासाही थोडा थोडा लांब होत राहतो, अंग मात्र भरत नाही. पाठ सुरीच्या पात्यासारखी धारदार लागते.

म्हणून सोबत वजन घ्या. ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. १० सेंमी लांब, १२ ग्रॅमचा मासा म्हणजे १.२. पंधरा दिवसांनी आकडा घसरला तर मासा खंगतोय. कटला आणि मृगळ या माशांच्या वेगळ्या जाती; कटल्याचा आकडा मृगळाला लावू नका. कटला मुळातच मोठ्या डोक्याचा आणि रुंद, मृगळ सडपातळ. निरोगी कटल्याचं डोकं बघून तळ्यात औषध ओतणारेही आहेत!

आपल्याकडे खंगण्यामागे बहुतेकदा दाटी असते. हेक्टरी ५,००० बोटुकली ही मिश्र मत्स्यशेतीची (एकाच तळ्यात अनेक जातींचे मासे) रूढ मात्रा. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याला ती साडेचारशेच बसते. आपण "मर होईल" म्हणून दोन-तीन हजार सोडतो. मर होत नाही आणि मासे वाढतही नाहीत.

त्यात प्लास्टिकचं अस्तर. माती नसल्यानं पाण्यात प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी, आणि कटला तर वरच्या थरातल्या प्लवंगांवरच जगतो; तळाशी गेलेली पेंड त्याच्या कामाची नाही. हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा स्वच्छ दिसला तर त्या पाण्यात खायला फारसं काही नाही. शेणकाला थोडा थोडा द्या. पाटीभर एकदम ओतला आणि वर आभाळ भरून आलं, तर पहाटे प्राणवायू घटून मासे वर तोंड काढतात. अशा दिवशी शेणही नको, खाद्यही नको.

कणाच वाकडा असेल तर गोष्ट वेगळी. क जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचं एक ठळक कारण. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिनाभर तापलेल्या खाद्याच्या पोत्यात ते फारसं उरत नाही. कपाशीवर फवारलेलं औषध पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरलं तरी कणा वाकू शकतो. असा मासा पुढे सरळ होत नाही, वेगळा काढा.

आता उलटी चूक: खुजी बोटुकली सरसकट नाकारणं. आंध्रात बोटुकली मुद्दाम वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर ठेवतात. मोकळ्या पाण्यात सोडल्यावर ती मागची कसर भरून काढत झपाट्यानं वाढते. ज्यांचं तळं फेब्रुवारी-मार्चलाच तळ गाठतं, त्यांना हीच परवडते. घेताना वय विचारा, कणा सरळ आहे ना बघा आणि अंगावर जखम असलेली मागे ठेवा.