ग्लेशियर बेमध्ये कयाकने आठवडाभर: सामान कसे भरावे

अलास्काच्या आग्नेय भागातील ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात रस्ता बार्टलेट कोव्हपाशी संपतो आणि पुढचा सगळा प्रवास पाण्यावरूनच करावा लागतो. तेथून पाच-सहा दिवसांसाठी निघणाऱ्याला तंबू, अंथरूण, अन्न, इंधन आणि कोरडे कपडे हे सारे साधारण पाच मीटर लांबीच्या नावेत, तेही वीत-दीड वीत रुंदीच्या झाकणांतून आत सरकवून, बसवायचे असते. ज्यांनी तारकर्लीत किंवा गोव्यात कयाक चालवली आहे, त्यांना पाण्यात पडणे ही गंमत वाटू शकते. येथे मात्र ऐन उन्हाळ्यातही पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थंड असते, म्हणून सामानाची यादी अंगावरच्या कपड्यांपासून सुरू करावी.

इतक्या थंड पाण्यात पडल्यावर पहिले मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात आणि शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो, असा ठोकताळा आहे. ड्रायसूट या अंगभर जलरोधक पोशाखामुळे ही मुदत वाढते. परंतु ड्रायसूट केवळ पाणी बाहेर ठेवतो, ऊब त्याच्या आत घातलेल्या लोकरी किंवा कृत्रिम धाग्याच्या कपड्यांतूनच मिळते. सुती कपडा एकही घेऊ नये, कारण भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. शिट्टी, आपत्कालीन संकेत देणारे उपकरण आणि १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागता येईल असा व्हीएचएफ रेडिओ या तीन वस्तू लाइफ जॅकेटच्या खिशातच असाव्यात. वाऱ्याने नाव दूर गेली, तर तिच्या कप्प्यात जपून ठेवलेला रेडिओ काहीच उपयोगाचा नसतो.

कप्प्यांसाठी मोठ्या पिशव्या घेण्याचा मोह टाळावा. नाव दोन्ही टोकांना निमुळती होत जाते; तीस लिटरची फुगलेली पिशवी झाकणातून आत गेली तरी पुढे सरकत नाही आणि टोकाची जागा रिकामी राहते. पाच ते दहा लिटरच्या अनेक ड्रायबॅग, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशव्या, घ्याव्यात, हवा पूर्ण दाबून काढावी आणि तोंडाला किमान तीन घड्या घालून मगच ती बंद करावी. तंबूच्या काठ्या कापडापासून वेगळ्या केल्या की त्या कडेच्या फटीत सहज बसतात. झोपण्याची पिशवी मात्र दुहेरी ड्रायबॅगमध्ये ठेवावी. ती पिसांची असेल तर हा नियम कधीही मोडू नये, कारण भिजलेली पिसे ऊब धरत नाहीत आणि तिथल्या पावसाळी हवेत ती पुन्हा वाळतही नाहीत.

पाणी, अन्नाचे डबे आणि इंधन यांसारखे जड सामान तळाशी आणि बसण्याच्या जागेच्या शक्य तितके जवळ ठेवावे. हलके सामान टोकांकडे सरकवावे. पुढचा भाग जड झाला तर नाव वारा येतो त्या दिशेला तोंड वळवू लागते, मागचा भाग फार जड झाला तर वाऱ्याकडे पाठ फिरवते, आणि दिवसभर तिला सरळ ठेवताना खांदे थकून जातात. नावेवर होकायंत्र बसवलेले असेल तर लोखंडी डबे व भांडी त्याच्याजवळच्या कप्प्यात ठेवू नयेत, कारण सुई भरकटते. वरच्या बाजूला जादा वल्हे, नकाशा आणि पाणी उपसण्याचा पंप एवढेच असावे. तिथे बांधलेले प्रत्येक गाठोडे वारा पकडते आणि उलटलेली नाव सरळ करणे अवघड करते.

या उद्यानात अन्न अस्वलांपासून सुरक्षित अशा कडक डब्यांतच ठेवावे लागते, आणि ते डबे उद्यानाकडून वापरायला मिळतात. वाकत नसल्यामुळे हे डबे सगळ्यांत आधी नावेच्या झाकणातून घालून पाहावेत आणि उरलेल्या सामानाची रचना त्यांच्याभोवती करावी. भाजणी किंवा मेतकूट न्यायला हरकत नाही, कमी जागेत पोट भरते. मात्र वासाची प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, डब्यातच जायला हवी. स्टोव्हचे इंधन विमानातून नेता येत नसल्याने ते उद्यानाजवळच्या गस्टाव्हस गावात पोहोचल्यावर घ्यावे. स्वयंपाक भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, तंबूपासून निदान ९० मीटर दूर करायचा असतो, म्हणून स्टोव्ह, भांडी आणि काडेपेटी एकाच पिशवीत असली की बराच त्रास वाचतो.

भरती-ओहोटीतला फरक तेथे ७ मीटरपेक्षाही अधिक होऊ शकतो. ओहोटीच्या वेळी किनाऱ्याला लागलात, तर सारे सामान आणि नंतर नाव भरतीच्या रेषेच्या वर वाहून न्यावी लागते, आणि भरलेली नाव दोघांनाही उचलवत नाही. म्हणून घडी होणाऱ्या दोन मोठ्या पिशव्या घ्याव्यात. वीस-पंचवीस लहान ड्रायबॅग त्यांत भरून तीन-चार खेपांत वर नेता येतात. निघण्याआधी निदान एकदा घरी किंवा धक्क्यावर सगळे सामान भरून पाहावे, आणि कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात बसली हे लिहून ठेवावे.

रात्रीचा कोरडा जोड, म्हणजे लोकरी बनियन, पँट, मोजे आणि टोपी, पाण्यावर असताना कधीही अंगावर चढवू नये. सकाळी ओले कपडे पुन्हा घालणे नकोसे वाटते, तरीही तेच घालावेत आणि कोरडा जोड पिशवीत परत ठेवून तिचे तोंड नीट गुंडाळावे.