"ताई, गुणायचं की भागायचं?" – मुलांना शाब्दिक उदाहरणं सोडवायला मदत कशी करावी

लालबागच्या आमच्या चाळीत संध्याकाळी तिसरी ते पाचवीची मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसतात. गणिताची वही उघडली की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, "ताई, गुणायचं की भागायचं?" उदाहरण अजून धड वाचलेलंही नसतं. हीच मुलं उभी मांडणी करून दिली तर तीन अंकी गुणाकार बिनचूक करतात. आकडेमोड त्यांना येते, गोष्ट कळलेली नसते. म्हणून घरी अभ्यास घेताना एक पथ्य पाळा. मूल कितीही मागे लागलं तरी कोणती क्रिया करायची ते सांगू नका. ते सांगितलंत की उदाहरणातला विचार तुम्हीच करून टाकलात.

पहिली पायरी: पेन्सिल खाली, आकडे झाकायचे

उदाहरण दोनदा मोठ्याने वाचून घ्या. मग पुस्तक मिटून विचारा, "काय झालं सांग बघू. एकही आकडा न घेता." "एका काकूंनी मोदक केले, काही उकडीचे, काही तळलेले, आणि आपल्याला कोणते किती ते शोधायचंय," इतकं आलं की पुढे जा. नाही आलं तर पुन्हा वाचन. यात दोन-तीन मिनिटं जातात, ती जाऊ द्या.

फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात १९८०च्या सुमारास लहान मुलांना एक प्रश्न घातला होता: बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेलेच आकडे वापरून वय काढून दाखवलं. तुमच्या मुलालाही विचारून बघा. त्याने '३६' म्हटलं तर रागावू नका. आकडे दिसले की काहीतरी करायचंच, ही सवय त्याला लागलीय, एवढंच त्यातून कळतं.

दुसरी पायरी: फसवे शब्द

'जास्त' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, अशी यादी पुष्कळ मुलांना पाठ असते. मला ही यादी घातक वाटते. हे बघा: "नेहाकडे ४५ मणी आहेत. ते रेवाच्या मण्यांपेक्षा १२ने जास्त आहेत. रेवाकडे किती?" 'जास्त' दिसल्याबरोबर पोरं ५७ लिहून मोकळी होतात. इथे विचारायचा प्रश्न एकच, "कोणाकडे जास्त आहेत?" नेहाकडे. म्हणजे रेवाचे कमीच असणार. उत्तर ३३.

सेमी-इंग्रजीच्या मुलांची अडचण आणखी वेगळी. घरी मराठी, गणित इंग्रजीत. 'ट्वेल्व्ह मोअर दॅन' वाचताना जास्त कोणाकडे हेच निसटतं. अशा मुलाला उदाहरण आधी घरच्या भाषेत सांगायला लावा, मग इंग्रजीत सोडवू द्या. उलट, मराठीतच शिकणारी कितीतरी मुलं 'पावणेदोनशे'पाशी थबकतात, कारण हल्ली घरात सगळे 'वन सेव्हंटी फाइव्ह' म्हणतात. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे हे शब्द बाजारात जाता-येता कानावर पडू द्या. पाऊण किलो म्हणजे किती ग्रॅम, हे भाजीवाल्याच्या काट्यासमोर विचारलेलं जास्त लक्षात राहतं.

तिसरी पायरी: पट्ट्या काढा

माझा सर्वांत जास्त भरवसा या पायरीवर आहे. संख्यांच्या जागी कागदावर आडव्या पट्ट्या काढायची ही रीत सिंगापूरने १९८०च्या दशकात प्राथमिक शाळांत आणली. तिला खर्च एका कोऱ्या कागदाचा.

मघाचंच मोदकांचं उदाहरण पूर्ण घेऊ. "काकूंनी एकूण ८४ मोदक केले. उकडीचे मोदक तळलेल्या मोदकांच्या दुपटीपेक्षा ६ने कमी आहेत. प्रत्येक प्रकारचे किती?" पाचवीच्या मुलाला हे जड जातं. काही पालक इथे 'क्ष मानू' करायला जातात. ते अजून त्याच्या इयत्तेत आलेलं नाही, आणि त्याची गरजही नाही.

आधी विचारा, "कमी माहिती कोणाबद्दल आहे?" तळलेल्यांबद्दल. त्यांची एक पट्टी काढायची. किती मोदक ते माहीत नाही, म्हणून पट्टी रिकामी ठेवायची. तिच्याखाली उकडीच्यांसाठी तेवढ्याच लांबीच्या दोन पट्ट्या, एकीला एक चिकटवून. आता दुपटीपेक्षा ६ कमी आहेत, म्हणून दुसऱ्या पट्टीच्या टोकाचा छोटा तुकडा तिरप्या रेघांनी भरायचा आणि त्यावर ६ लिहायचं. हा तुकडा प्रत्यक्षात नाही. सगळं मिळून ८४.

आता गप्प बसा, अगदी मिनिटभर. मूल चित्राकडे बघत राहतं आणि बहुतेक वेळा स्वतःच म्हणतं, "तो तुकडा परत जोडला तर तिन्ही पट्ट्या सारख्या होतील." जोडू दे. ८४ आणि ६ मिळून ९०. तीन सारख्या पट्ट्या, म्हणून एक पट्टी ३०. तळलेले ३०, उकडीचे ६०मधून ६ गेले, ५४. पडताळा: ३० आणि ५४ मिळून ८४. ६ मिळवायचे की वजा करायचे, ही भांडणं चित्रासमोर आपोआप मिटतात.

पट्ट्या मोजून-मापून काढायला लावू नका. फूटपट्टी घेऊन रेघा आखत बसलेलं मूल गोष्ट विसरतं.

'उरलेल्या'चा घोळ

"रोहनने खाऊच्या पैशांतले अर्धे वडापाववर खर्च केले. उरलेल्यांतले एक तृतीयांश बसच्या तिकिटाला गेले. त्याच्याकडे २० रुपये उरले. सुरुवातीला किती होते?" इथे मुलं एक तृतीयांश सगळ्या पैशांचा घेतात. शेवटाकडून मागे चालायला शिकवा. एक तृतीयांश बसला गेला, म्हणजे दोन तृतीयांश उरले, ते २०. मग एक तृतीयांश १०, आणि बसमध्ये चढण्याआधी हातात ३०. ते अर्धे, म्हणून सुरुवातीला ६०. खरीच नाणी टेबलावर ठेवून आधी हा खर्च पुढे, मग मागे करून दाखवलात तर आणखी सोपं.

मूल अडलंच तर आकडे लहान करा. मोदकांच्या उदाहरणात ८४च्या जागी ९, ६च्या जागी ३ घ्या. वाट सापडली की मोठ्या आकड्यांकडे परत.

उत्तर गोष्टीत बसतं का?

"स्लो लोकलला एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर जायला ३ मिनिटं लागतात असं धरू. दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे. दादरहून वांद्र्याला किती वेळ लागेल?" चार स्टेशनं, म्हणून १२ मिनिटं, हे उत्तर हमखास येतं. बोटांवर स्टेशनं मोजायला लावा, पण बोटांऐवजी मधल्या फटी मोजा. फटी तीनच, वेळ ९ मिनिटं. खांब, झाडं, जिन्याच्या पायऱ्या यांची उदाहरणं याच जातीची.

बाकीचंही तसंच. ५० मुलांना राणीच्या बागेत न्यायचंय, एका टॅक्सीत ४ मुलं, टॅक्सी किती? भागाकार १२, बाकी २, पण टॅक्सी १३ लागतात, नाहीतर दोन मुलं रस्त्यावर राहतील. ५० रुपयांत ४ रुपयांच्या पेन्सिली किती येतील? १२च. आणि किती पैसे परत मिळतील असं विचारलं तर उत्तर २ रुपये. भागाकार एक, उत्तरं तीन. ही तिन्ही उदाहरणं एकाच संध्याकाळी द्या.

एका बैठकीला तीन उदाहरणं पुरेत. रात्री साडेनऊला, डोळे चोळत असताना चौथं सोडवून घेऊ नका.

आणि आठवड्यातून एकदा मुलांनाच उदाहरणं रचू द्या. गणपतीत आमच्याकडच्या तिसरीतल्या एका मुलीने हे रचलं: चाळीला तीन मजले, प्रत्येक मजल्यावर १२ खोल्या. आरतीला प्रत्येक खोलीतून दोघं आले, फक्त आमच्या खोलीतून एकच, कारण आजीचे गुडघे दुखत होते. भटजी बाहेरून आले. आरतीला किती जण होते? तिघांनी ७१ सांगितलं. ती म्हणाली, "भटजींना मोजलंच नाहीत तुम्ही."