ऐतिहासिक पिक्चर बघून आल्यावर धड मत कसं द्यायचं

पिक्चर सुटला की पार्किंगमध्येच दोन पार्ट्या पडतात, एक 'अंगावर काटा आला की ओ' वाली, दुसरी 'इतिहासाची वाट लावली' वाली, आणि नेमकं काय चांगलं काय राहिलं विचारलं की दोन्ही गप्प. 'छावा' धरून सांगतो, संभाजीराजांवरचा, २०२५ चा आहे, बहुतेकांनी बघितलाय.

पहिलं म्हणजे त्याच रात्री स्टेटस टाकू नका. ढोल-ताशा आणि स्लो मोशननं डोकं गरम असतंय तेव्हा सगळंच भारी वाटतं. दुसऱ्या दिवशी म्युझिकशिवाय जो सीन डोळ्यासमोर येईल तो खरा जमलेला. माझ्यापुरता अक्षय खन्नाचा औरंगजेब, आरडाओरडा न करता दहशत बसवतो, आणि शत्रू असा तगडा असला की राजाही आपोआप मोठा दिसतो.

मग पैसा कुठं गेलाय ते बघा. यात बेळगावकरांना काही शिकवायला नको, शिवजयंतीच्या चित्ररथात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रायगड उभा करणारी पोरं आपलीच. पगडी नीट बसलीय का, ढाल खरंच जड वाटतेय का, मागच्या रांगेतला मावळा लढायलाय की नुसता हात हलवायलाय, हे बघायची सवय आपल्याला आहेच, तीच थेटरात वापरा.

आता कथा कुठनं घेतलीय ते. हा पिक्चर शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे म्हणजे मुळातच कादंबरी, पुरावा नव्हे. चिटणीस बखर संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी लिहिली गेली आणि तिनं रंगवलेली व्यसनी-उतावळ्या राजाची प्रतिमा बरीच वर्षं चालली, पुढं इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रेंनी १९६० च्या चरित्रात कागदपत्रं लावून ती खोडली. ती सुधारलेली प्रतिमा आता देशभर पोचली, पिक्चरचं हे क्रेडिट मात्र द्यायलाच पाहिजे.

राहिलेल्या गोष्टी काढताना लोक घसरतात. 'हे का नाही दाखवलं, ते का नाही' अशी यादी कुणीही करेल, तीन तासांत सगळं बसत नाही ओ. एकच विचारा, ते घातलं असतं तर आपण बघितलेला माणूस बदलला असता का? १६८३ ची गोव्याची मोहीम घ्या, चोर्ला घाट उतरला की आलाच तो मुलूख, तिथं पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि संभाजीराजे स्वतः येऊन तो मोडून गेले. मोगल, सिद्दी, पोर्तुगीज सगळ्यांना एकाच वेळी तोंड देणारा राजा, हे डोक्यात बसलं असतं तर नुसता सिंहासारखा लढणारा वीर एवढंच राहिलं नसतं. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणाराही तोच, पण सिनेमाचा जोर तलवारीवर आणि शेवटच्या छळावर. राणी येसूबाईंचंही तसंच. राज्यकारभाराचा शिक्का ज्यांच्या हातात होता, १६८९ ला रायगड पडल्यावर ज्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ ला सुटून परत आल्या, त्या बाई पडद्यावर अर्ध्याच दिसतात. बेळगावच्या संभाजी चौकात उभं राहून यावर भांडायला मी तयार आहे.

उलट संगमेश्वरला राजे पकडले गेले त्याच्या आधीची एखादी छोटी चकमक गाळली म्हणून ओरडू नका, त्यानं काही बदलत नाही.

आणि कन्नड दोस्त सोबत असेल तर त्याच्याशी जरूर बोला. संभाजीराजांनंतर राजाराम महाराज तामिळनाडूतल्या जिंजीकडं निघाले तेव्हा त्यांना आसरा दिला केळदीच्या चेन्नम्मा राणीनं, औरंगजेबाची फौज अंगावर आली तरी. त्याला ती राणी शाळेपासनं माहीत असते, आपल्याला निम्मीच गोष्ट. पिक्चर तुळापूरला राजांच्या मृत्यूवर संपतो, औरंगजेब मात्र दख्खनमध्येच अडकून पडला आणि १७०७ ला तिथंच मेला, म्हणजे दुसऱ्या भागाचं मटेरियल इथंच पडलंय. तुमच्या मतात शेवटी हेही लिहा, कोणा निर्मात्यानं वाचलं तर वाचलं.